मेणाचे इरले : क्षयरोगाची गोळी नेमके काय करते



संस्थेच्या जमाखर्चातील एका बाबीविषयी आम्हांला वारंवार विचारणा होते. क्षयरोगाची औषधे शासनाच्या राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. असे असताना आमच्या क्षयरोग विभागाचा खर्च होतो तरी कशावर, आणि त्यातही ‘पाठपुरावा’ या शीर्षाखालील रक्कम इतर शीर्षांपेक्षा मोठी का, असा हा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. पै-पैचा हिशेब मागण्याचा देणगीदारांचा अधिकार आम्ही मानतो. मात्र या प्रश्नाचे खरे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही. ते क्षयाच्या जिवाणूच्या अंगी असलेल्या एका विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये, दडलेले आहे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेपुरताच. तथापि आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी हा विषय आम्हांला वेळोवेळी समजावून दिला. तो जसा समजला तसा येथे मांडत आहोत.

कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना इरले समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्यात चार-चार महिने आभाळ उघडत नाही अशा या मुलखात भातलावणी करणाऱ्या माणसाच्या डोक्यापाठीवर पानांचे इरले असे. पाणी वरून निथळून जाई आणि माणूस आत कोरडा राही. आता त्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे, पण तत्त्व तेच. क्षयरोगाचा जिवाणू असेच एक इरले अंगावर घेऊन जगतो. ते मेणासारख्या पदार्थाचे असते. शरीरातील रोगप्रतिकारक पेशींच्या माऱ्यातून, कोरडेपणातून आणि इतर रोगांवर चालणाऱ्या कित्येक औषधांपासून हे आवरण त्याला वाचवते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जिवाणूचा शोध जाहीर केला, तेव्हाही त्याला रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हेच मोठे कष्टाचे काम होते, आणि त्याचे कारण हेच मेण. थुंकीच्या तपासणीची पुढे रूढ झालेली पद्धत याच गुणधर्मावर उभी आहे. काचपट्टीवरील थुंकीला तांबडा रंग देऊन उष्णता देतात, नंतर ती आम्लाने धुतात. इतर जिवाणूंचा रंग धुऊन जातो, क्षयाच्या जिवाणूचा मात्र टिकतो. कारण एकदा मेणात शिरलेला रंग आम्लालाही बाहेर काढता येत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘आम्लस्थिर जिवाणू आढळले’ असे शब्द असतात, त्यांचा अर्थ हा.

हे मेण कशाचे बनते? तूप, खोबरेल, शेंगदाण्याचे तेल या सर्वांच्या मुळाशी मेदाम्ले असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी. खोबरेल तेलातील प्रमुख मेदाम्लात बारा कार्बन असतात. आपल्या शरीरात तयार होणारे मुख्य मेदाम्ल सोळा कार्बनचे असते. साखळी जितकी लांब, तितका पदार्थ सामान्यतः घट्ट होत जातो. क्षयाच्या जिवाणूच्या आवरणातील मायकोलिक आम्ल या मेदाम्लात साठ ते नव्वद कार्बन असतात. एवढी लांब साखळी मनुष्यदेहात कोठेही तयार होत नाही.

सोनार कडीला कडी जोडत साखळी वाढवतो, तशीच ही साखळीही टप्प्याटप्प्याने वाढते. प्रत्येक फेरीत दोन कार्बन जोडले जातात आणि प्रत्येक फेरीची चार कामे असतात. पहिल्या कामात नवा तुकडा चिकटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामांत त्याची डागडुजी होते, पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि साखळीत एके ठिकाणी दुहेरी बंध उरतो. चौथे काम म्हणजे तो दुहेरी बंध मिटवून साखळी सरळ करणे. हे झाल्याखेरीज पुढची कडी बसत नाही. क्षयाच्या जिवाणूमध्ये हे चौथे काम करणाऱ्या विकराचे नाव ‘इनएचए’. जिवाणूकडे मेदाम्ले बनवण्याची दोन यंत्रे असतात. पहिले यंत्र आपल्या शरीरातील यंत्रासारखेच असून ते सोळा ते सव्वीस कार्बनपर्यंतच्या साखळ्या बनवते. दुसरे यंत्र त्या साखळ्या हातात घेऊन पन्नास कार्बनच्याही पुढे नेते, आणि इनएचए हा या दुसऱ्या यंत्रातील कारागीर आहे. तो थांबला की मेण थांबते. मेण थांबले की वाढू पाहणाऱ्या जिवाणूचे आवरण अपुरे पडते, आणि तो मरतो.

आपल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या गोळीतील आयसोनियाझिड हे औषध नेमके या कारागिराचे हात बांधते.

या औषधाचा इतिहास आमच्यासारख्या हिशेबनीसाला चटका लावणारा आहे. आयसोनियाझिड हा पदार्थ प्रथम १९१२ मध्ये प्राग येथे हान्स मायर व योझेफ माली या दोघांनी तयार केला. तो रसायनशास्त्राच्या अभ्यासाचा भाग होता. क्षयरोगावर त्याचा उपयोग होईल अशी कोणालाही कल्पना नव्हती. योगायोग असा की, त्याच १९१२ साली आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी ही वस्तीही क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळेच नावारूपाला आली. मिरजेचे सुप्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव तिने आजतागायत जपले आहे. त्या काळी उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि परमेश्वराचे स्मरण. पाचगणीच्या हवेत रुग्ण पडून असत, आणि त्यांना वाचवू शकणारे औषध प्रागच्या एका प्रबंधात चाळीस वर्षे पडून राहिले. अखेर १९५१-५२ मध्ये न्यू यॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते रुग्णांना दिले गेले आणि ज्यांची आशा सोडली होती असे रुग्ण अंथरुणावरून उठून हिंडू लागले. एकाच सुमारास तीन औषध कंपन्यांनी स्वतंत्रपणे या गुणाचा शोध लावला होता. परंतु पदार्थ १९१२ मध्येच प्रसिद्ध झालेला असल्याने त्याच्या एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, हक्क कोणालाच मिळाला नाही. औषध पहिल्यापासून स्वस्त राहिले, त्यामागे हेही एक कारण होते.

पुढे १९५६ पासून मद्रास येथे झालेल्या अभ्यासाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून आयसोनियाझिड व त्याचे जोडऔषध वर्षभर देण्यात आले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या कुटुंबीयांना आरोग्यधामातील रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक धोका संभवला नाही. हवापालटापेक्षा गोळी नियमाने घेणे महत्त्वाचे, हे त्या अभ्यासाने सिद्ध केले. घरी ठेवून उपचार करण्याची आजची सर्व पद्धत, आणि ओघानेच आमचा पाठपुराव्याचा खर्चही, तेथून सुरू होतो.

मौजेची गोष्ट अशी की, औषध गुणकारी आहे हे जगाला १९५२ मध्ये कळले, पण ते काम कसे करते हे कळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. १९९२ मध्ये असे आढळले की, ही गोळी मूळ रूपात निरुपद्रवी असते. क्षयाच्या जिवाणूचे ‘कॅटजी’ नावाचे स्वतःचेच एक विकर तिला जागे करते. म्हणजे पाकीट आपण पाठवतो, फोडतो मात्र शत्रू. १९९४ मध्ये इनएचए हे तिचे लक्ष्य असल्याचे स्पष्ट झाले, आणि १९९८ मध्ये त्या विकराला ती कशी जखडते याचे चित्रच शास्त्रज्ञांनी मिळवले. जागे झालेले औषध जिवाणूच्या पेशीतील एनएडी नावाच्या रेणूशी जोडले जाते, आणि ही जोडगोळी इनएचएच्या नेमक्या कामाच्या खाचेत जाऊन बसते. कुलपात तुटलेली किल्ली अडकावी तसे हे घडते. आपल्या शरीरातील मेदाम्लाच्या यंत्राला अशी इजा होत नाही. त्याची घडण निराळी, आणि पाकीट फोडणारे कॅटजी आपल्याकडे नाही. मात्र म्हणून औषध सर्वस्वी निर्धोक आहे असे कोणी समजू नये. ते ‘ब ६’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे काहींच्या पायांना मुंग्या येतात व जळजळ होते. यासाठी पायरिडॉक्सिनची गोळी जोडीला दिली जाते. यकृतावरही त्याचा ताण पडू शकतो. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णास घेऊन यावे. उपचाराच्या काळात मद्य सर्वथा वर्ज्य आहे. ही सूचना आम्ही किती वेळा करतो आणि ती किती पाळली जाते, हा वेगळा विषय आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इनएचए थांबल्याने मरतो तो वाढणारा जिवाणू, कारण नवे आवरण त्यालाच विणायचे असते. पहिल्या काही दिवसांतच असे जिवाणू मोठ्या संख्येने नष्ट होतात. ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. दोन-तीन आठवड्यांत माणूस हिंडू-फिरू लागतो. परंतु फुप्फुसात काही जिवाणू निद्रिस्त असतात. ते वाढत नाहीत, मेण बनवत नाहीत, त्यामुळे आयसोनियाझिडला त्यांच्यावर फारसे काही करता येत नाही. त्यांच्यासाठी रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे लागतात, आणि तीही महिनोन्महिने द्यावी लागतात. पूर्वी दीड वर्ष चालणारा उपचार या दोन औषधांमुळे सहा महिन्यांवर आला. त्याहून कमी काळात नेहमीच्या क्षयरोगाचा हा उपचार पुरा होत नाही. रुग्णाला बरे वाटणे आणि रुग्ण बरा होणे यांमध्ये पाच महिन्यांचे अंतर आहे, आणि आमच्या भागात ते अंतर नेमके भातलावणीत, नाही तर मुंबईच्या परतीच्या गाडीत येते. पाटण तालुक्यातील असंख्य पुरुष मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामगार आहेत. शिमग्याला किंवा गणपतीला गावी आल्यावर खोकला तपासला जातो, निदान होते, गोळ्या सुरू होतात, बरे वाटते आणि माणूस कामावर परततो. रोजंदारी बुडवून गोळ्यांसाठी रांगेत उभे राहणे त्याला परवडत नाही. त्याला दोष देणे सोपे आहे; आम्ही देत नाही.

उपचार अर्धवट सुटला तर काय होते, ते आकड्यांतच सांगावे. सुमारे दहा लाख जिवाणूंमागे एखादा जिवाणू निसर्गतःच आयसोनियाझिडला दाद न देणारा निपजतो. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जिवाणू असले, तर असे शंभर सापडतील. एकट्या आयसोनियाझिडने बाकीचे सर्व मरतील आणि हे शंभर मोकळ्या रानात वाढतील. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जिवाणू मात्र दहा कोटींमागे एखादाच असतो. दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जिवाणू निसर्गतः सापडण्याचे प्रमाण या दोन संख्यांच्या गुणाकाराएवढे, म्हणजे एकावर चौदा शून्ये लिहून होणाऱ्या संख्येमागे एक, इतके विरळ ठरते. औषधे एकत्रित का दिली जातात, याचे उत्तर या गुणाकारात आहे. सध्याच्या शासकीय गोळीत पहिले दोन महिने चार औषधे एकाच गोळीत असतात. त्यांपैकी आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम. पस्तीस ते एकोणपन्नास किलो वजनाच्या प्रौढ रुग्णास अशा तीन गोळ्या रोज घ्याव्या लागतात. पुढील चार महिने गोळीत तीन औषधे असतात. एकच औषध वेचून घेण्याची किंवा टाळण्याची सोय ठेवलेली नाही, हे योग्यच झाले. परंतु सगळीच गोळी मधूनमधून चुकवली, तर हा गुणाकार कुचकामी ठरतो.

जिवाणू औषधाला दाद देईनासा होण्याच्या प्रमुख वाटा दोन. पहिल्या वाटेत कॅटजीमध्ये बिघाड होतो. पाकीट फोडलेच जात नाही आणि औषध निद्रिस्त राहते. या प्रकारात आयसोनियाझिडचा फारसा उपयोग उरत नाही. दुसऱ्या वाटेत जिवाणू इनएचए हे विकरच जास्त प्रमाणात बनवू लागतो. किल्ल्या तेवढ्याच, कुलपे मात्र अनेक. या प्रकारात विरोध सहसा सौम्य असतो, आणि मात्रा वाढवून औषधाचा काही उपयोग करून घेता येईल का, याचा विचार तज्ज्ञ करू शकतात. मात्र त्याच विकरावर चालणारे इथिओनामाइड हे दुसरे औषध अशा रुग्णात निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो.

नातेवाइकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थुंकीची पहिली जनुकीय तपासणी सीबीनॅट किंवा गोव्यातील कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅट यंत्रावर होते. तिच्या नेहमीच्या अहवालात क्षयाचा जिवाणू आहे किंवा नाही आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो किंवा नाही, एवढेच समजते. आयसोनियाझिडविषयी तो अहवाल मौन असतो. ‘पहिला रिपोर्ट चांगला आला, मग पुन्हा थुंकी कशाला?’ असे आम्हांला पुष्कळदा ऐकावे लागते. दुसऱ्या नमुन्यावर लाइन प्रोब ही तपासणी होते आणि तिच्या अहवालात कॅटजी व इनएचए ही दोन्ही नावे स्वतंत्र छापलेली असतात. आता ती नावे वाचकांस परकी वाटू नयेत. २०१४ ते २०१६ या काळातील राष्ट्रीय औषध-प्रतिरोध सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी ११.०६ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी २५.०९ टक्के रुग्णांत आयसोनियाझिडला विरोध आढळला होता. दुसरी तपासणी टाळून चालत नाही, हे या आकड्यांवरून पुरेसे स्पष्ट व्हावे. असा विरोध आढळल्यास, आणि रिफॅम्पिसिन चालत असल्यास, आयसोनियाझिडच्या जागी लिव्होफ्लॉक्सासिन देऊन सहा महिन्यांचा उपचार करता येतो. पण त्यासाठी तो विरोध वेळेवर कळला पाहिजे.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. पाठपुरावा म्हणजे दुसरा थुंकीनमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवणे, जलाशयापलीकडच्या वाडीवर पावसात माणूस पाठवणे, रुग्ण मुंबईस गेला असेल, तर ‘निक्षय’ नोंदणी क्रमांकाच्या आधारे तेथील केंद्राशी बोलून त्याच्या गोळ्या तेथे सुरू आहेत याची खात्री करणे, आणि एस. टी.च्या भाड्याअभावी कोणाची तारीख चुकू न देणे. शासनाकडून रुग्णाला पोषणासाठी मिळणारे मासिक अर्थसाह्य नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून एक हजार रुपये झाले आहे. ही रक्कम आहारासाठी आहे, प्रवासात खर्च होण्यासाठी नव्हे, अशी आमची भूमिका आहे. आपल्या देणगीने गोळी विकत घेतली जात नाही, तर ती सहा महिने रोज पोटात जाईल एवढे पाहिले जाते. औषध फुकट असले, तरी हे काम फुकट होत नाही.

शेवटी रुग्णांच्या घरातील निरोगी माणसांविषयी. रुग्णाच्या सहवासातील व्यक्तींना, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांना, रोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक उपचार दिला जातो. त्यात सहा महिने रोज एकटे आयसोनियाझिड, किंवा त्याच्या जोडीला रिफापेंटिन घालून आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा दिल्या जातात. एकच औषध देणे घातक, असे वर म्हटले आणि येथे एकच देतात, हा विरोधाभास नव्हे. निरोगी माणसाच्या शरीरात जिवाणू असलेच, तर ते अत्यल्प असतात; दहा लाखांत एक या हिशेबाने त्यांत औषधाला न जुमानणारा सापडण्याची शक्यता नगण्य असते. परंतु ज्याला निरोगी समजलो त्याच्या छातीत रोग आधीच सुरू झालेला असेल, तर हाच उपचार उलटतो. म्हणून खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम यांची चौकशी झाल्याशिवाय आणि जेथे शक्य तेथे छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय आमच्याकडे प्रतिबंधक गोळी दिली जात नाही. रुग्णाच्या पहिल्या तारखेस घरातील सर्वांनी, मुलांसह, सोबत यावे आणि रुग्णाचे उपचार कार्ड बरोबर आणावे.